ओतून दिलेले दूध

मी एक म्हातारी शेळी आहे. मला तेरावे वर्ष सरत आले आहे, आणि शेळ्यांमध्ये हे वय म्हणजे तुमच्या पणजीचे वय. समोरचे दात पडले आहेत, उजव्या शिंगाचे टोक मोडले आहे आणि उठताना गुडघे कुरकुरतात. पण मित्रांनो, माझ्याकडे बघून हळहळू नका. माझे आयुष्य फार मजेत गेले. शंभराहून जास्त मुलेमुली माझ्याजवळ बसून धार काढायला शिकली, आणि म्हणून इथे लहानथोर सगळे मला 'मास्तरीणबाई' म्हणतात.

इथे म्हणजे कुठे, ते सांगते. शहर संपते आणि बस वळसा घेऊन परत जाते, तिथे एक शिक्षणकेंद्र आहे. शाळा संपवलेली सोळा-सतरा वर्षांची मुले इथे एक वर्षासाठी येतात. जे खायचे ते पिकवायला, ते शिजवायला, आणि ते कुणाच्या पोटाला बाधणार नाही असे सांभाळायला ती शिकतात. पुढे भाजीचे वाफे आहेत, मध्ये आमचा गोठा आहे आणि मागे सहा शेगड्यांचे लांबलचक स्वयंपाकघर आहे. त्याची मोठी खिडकी नेमकी माझ्या गव्हाणीसमोर उघडते. त्यामुळे मी एका जागी बांधलेली असूनही दोन्हीकडचे शिक्षण घेतले आहे. परीक्षा तेवढी दिली नाही.

माझा जन्म याच गोठ्यातला. केंद्र नुकतेच सुरू झाले होते. माझी आई व्यायला लागली तेव्हा पहिल्या वर्षाची सगळी मुले गोठ्याच्या दाराशी गोळा झाली होती. आधी माझा भाऊ आला, मग मी. मला पुसायला पोते सापडेना, तेव्हा एका मुलीने अंगातला नवा कोरा स्वेटर काढून त्यात मला गुंडाळले. बाजूला एक धिप्पाड मुलगा घेरी येऊन खाली बसला होता. लोक आधी माझी काळजी करायचे सोडून त्याच्या तोंडावर पाणी मारत होते, असे आई नंतर बरेच दिवस रागाने सांगायची.

गोठा मामा सांभाळत. ते नक्की कुणाचे मामा, हे कुणालाच ठाऊक नव्हते. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. धार काढायला शिकवण्याची त्यांची एक युक्ती होती. रबरी हातमोजा पाण्याने भरायचा, बोटांच्या टोकांना सुईने बारीक भोके पाडायची आणि तो मोजा खांबाला टांगायचा. मुले रांगेने त्याची धार काढत. अंगठा आणि तर्जनी वरून मिटायची, मग एकेक बोट खाली दाबत आणायचे, ओढायचे मुळीच नाही. पहिल्या दिवशी बादलीपेक्षा एकमेकांच्या तोंडावरच जास्त पाणी उडे. मोज्यावर हसून झाले की दुसऱ्या दिवशी पाळी माझी.

मी सुरुवातीला काही गरीब गाय नव्हते. शेळीच होते. पहिल्या वेतात मी दोन बादल्या लाथाडल्या आणि एका मुलाच्या वहीतली दुधाची सगळी नोंद खाऊन टाकली. पण हळूहळू मला या कामाची गोडी लागली. घाबरलेली मुले जवळ येऊन बसत, त्यांची पाचावर धारण बसलेली असे, आणि मी जरा पाय फाकवून, मान वळवून, रवंथ करत उभी राहिले की त्यांच्या जिवात जीव येई. पहिली धार बादलीच्या तळाला लागून टण्ण वाजली की मूल असे हसे, की मला आपणच काहीतरी मोठे केल्यासारखे वाटे. एक मात्र होते. 'बळीचा बकरा' हा शब्द माझ्यासमोर काढायला सगळ्यांना बंदी होती.

धार काढण्याआधी मामा तीन गोष्टी करायला लावत. हात साबणाने कोपरापर्यंत धुवायचे. माझी कास कोमट पाण्याने धुऊन स्वच्छ फडक्याने कोरडी करायची. आणि पहिल्या दोन-तीन धारा बादलीत न घेता एका वाटीत घ्यायच्या. त्या वाटीच्या तोंडावर काळे कापड ताणून बांधलेले असे. दुधात चुकून गुठळी किंवा कणी असेल तर काळ्यावर पांढरी लगेच दिसते. मला ती वाटी आवडत नसे. वर्षानुवर्षे माझे दूध निर्मळ निघे, आणि तरी रोज सकाळ-संध्याकाळ माझी तपासणी. कुणी तुमचे दप्तर रोज दोनदा उघडून बघितले तर तुम्हाला कसे वाटेल, तसे मला वाटे.

दूध पुढे स्वयंपाकघरात जाई. तिथे राज्य होते घड्याळबाईंचे. त्यांचे हे नाव मुलांनी ठेवलेले. शिजलेले अन्न बाहेर किती वेळ राहिले, दूध तापवून किती मिनिटांत निवले, हे सगळे त्या घड्याळावर मोजत. दूध गाळायचे, तापवायचे, लगेच थंड पाण्याच्या टबात ठेवून ढवळत निववायचे, झाकायचे आणि तारीख-वेळ लिहून फ्रीजमध्ये ठेवायचे. कच्चे मांस कापलेल्या सुरीने कुणी काकडी चिरली तर त्या रागावत नसत. मुकाट्याने ती काकडी उचलून खताच्या खड्ड्याकडे चालू लागत. त्यांची ती पाठमोरी चाल बघितली की अख्खा वर्ग कानाला खडा लावी.

आता मी तिची गोष्ट सांगते, जिच्यामुळे हे सगळे सांगावेसे वाटले.

मी नऊ वर्षांची असताना एक मुलगी आली. बारीक चणीची, डोळे मात्र टपोरे. पहिल्याच तासाला तिने मामांना विचारले की ही कास धुतलेली आहे हे कळणार कसे. मग विचारले की फडके धुतलेले आहे कशावरून. तिसऱ्या प्रश्नाला मुलांनी तिचे नाव 'शंका' ठेवले, आणि तेच चिकटले. तिच्याबरोबर गोठ्याच्या कामाला होता 'धडाका'. हा मुलगा चालत कधी जातच नसे. एका हातात चारा, दुसऱ्या हातात बादली, तोंडात भाकरीचा तुकडा, आणि निघाला पळत. मनाने निर्मळ, पण धीर म्हणून नाही.

शंकाला धार येईना. तिचे हात बर्फासारखे गार, आणि गार हात लागले की माझा पान्हा आत पळे. मी काय मुद्दाम करत नव्हते. धडाका दुसऱ्याच दिवशी फेस येईपर्यंत बादली भरू लागला आणि ती अजून थेंब थेंब गोळा करत बसे. सगळे जेवायला गेले तरी ती माझ्यापाशी बसून राही, दोन्ही हात काखेत घालून ऊब आणी आणि पुन्हा प्रयत्न करी. त्या वेळी ती माझ्याशी बोले. एकदा तिने धाकट्या भावाचे सांगितले. तो शाळेच्या सहलीला निघाला होता आणि तिने स्वतःच्या हाताने त्याला अंड्याचे सॅलड घालून पाव करून दिले होते. डबा दुपारपर्यंत उन्हात राहिला. भाऊ चार दिवस दवाखान्यात होता. घरी कुणी तिला एका शब्दाने बोलले नाही. उलट आई म्हणाली की तुला काय माहीत होतं. तेच तिला जास्त लागले. माहीत नव्हते, म्हणून ती इथे आली होती. (हे गुपित मी कुणाला सांगितले नव्हते. आता ती स्वतःच दरवर्षी मुलांना सांगते, म्हणून मीही सांगितले.)

सतराव्या दिवशी तिच्या हाताखाली पहिली नीट धार लागली. ती हसली नाही की ओरडली नाही. तिने फक्त माझ्या पोटावर कपाळ टेकले आणि तशीच धार काढत राहिली. त्या दिवसापासून मला तिचेच हात हवेसे झाले.

वर्ष संपत आले की केंद्रात पालकांचा दिवस असतो. मुले स्वतः पिकवलेले, स्वतः रांधलेले वाढतात. त्या वर्षी गोठ्याच्या मुलांनी चीज करायचे ठरवले. आम्हा तिघी शेळ्यांचे तीन दिवसांचे दूध तापवून, निववून एका मोठ्या कॅनमध्ये साठवत होते. शहरातल्या मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराचे मुख्य आचारी त्या दिवशी येणार होते. ते दरवर्षी इथून एक जण कामाला घेत. सगळ्यांना ते काम हवे होते आणि शंकाला सगळ्यांत जास्त. रोग्यांसाठी रांधायचे तिने कधीच मनात धरले होते.

नेमके तेव्हाच मामांच्या लेकीला बाळ झाले आणि मामा चार दिवस गावाला गेले. गोठा शंका आणि धडाका यांच्यावर सोपवून गेले.

पालकांच्या दिवसाच्या आदल्या सकाळी शंका माझ्याजवळ बसली. हात धुतले, कास धुतली, पुसली. पुसता पुसता थांबली. डावी बाजू उजवीपेक्षा किंचित गरम लागत होती. मला आदल्या दिवसापासून तिथे जड जड वाटत होते, पण आपले दुखणे सांगायला आम्हाला तोंड कुठे असते? तिने काळ्या कापडावर पहिली धार घेतली. कापडावर दोन पांढऱ्या कण्या राहिल्या, तिळाएवढ्यासुद्धा नसतील.

धडाका वाकून बघायला आला. चाऱ्याचा भुसा असेल, असे तो म्हणाला. आणि समजा काही असले तरी दूध तापवणारच आहोत, मग कसली भीती?

शंकाने वाटी डोळ्यांजवळ नेऊन त्या कण्या पुन्हा पाहिल्या. मग तिने विचारले, "काल संध्याकाळी हिची धार तू काढलीस ना? वाटीत बघितलं होतंस?"

धडाका पहिल्यांदाच जागच्या जागी उभा राहिला. "नाही," तो म्हणाला. "घाईत होतो. वाटी धुवायची होती, म्हणून राहू दिलं."

"आणि ते दूध कॅनमध्ये गेलं."

"हो."

दोघे घड्याळबाईंकडे गेले. खिडकी उघडी होती, म्हणून मला सगळे ऐकू आले. बाईंनी त्यांना सांगितले की कासेत सूज आली की दुधात जंतू उतरतात. तापवल्यावर जंतू मरतात, पण त्यातल्या काहींनी आधीच सोडलेले विष तापवूनही जात नाही. कालच्या दुधात ते असेल किंवा नसेल. बघून कुणालाच सांगता येणार नाही. एवढे बोलून त्या थांबल्या. ओत असेही म्हणाल्या नाहीत आणि ठेव असेही नाही. गोठा मामांनी या दोघांवर सोपवला होता.

"तुला वाढायचं आहे," बाई शंकाला म्हणाल्या. "तुला काय वाटतं?"

शंका म्हणाली, "मला शंका आहे. म्हणून वाढणार नाही."

अकरा लिटर दूध होते. तिने आणि धडाक्याने दोन्ही बाजूंनी कॅन उचलला, पार कुंपणापलीकडच्या खड्ड्यापर्यंत नेला आणि उपडा केला. मी मान लांब करून बघत होते. पांढराशुभ्र लोट खाली गेला आणि मातीने तो पिऊन टाकला. मित्रांनो, खरे सांगते, माझा एवढा अपमान कधी झाला नव्हता. इतकी वर्षे माझ्या दुधाचे नाव होते, आणि जिला मी सतरा दिवस सांभाळून घेतले तिनेच ते खड्ड्यात घातले. ती परत आली आणि माझ्यासमोर वाकली, तेव्हा मी सगळे बळ एकवटून तिला ढुशी दिली. ती शेणात बसली. तिथेच बसून थोडी रडली. मग उठली, हात धुतले, आणि माझी दुखरी बाजू वेगळ्या भांड्यात हलकेच मोकळी करू लागली. मला बरे वाटू लागले होते, पण मी तोंड फिरवूनच उभी राहिले.

तिने मामांना फोन लावला. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, "मास्तरीण काय म्हणते?"

"तिने मला ढुशी मारली."

"मग अंगात जोर आहे," मामा म्हणाले. "डॉक्टरीणबाईंना बोलाव."

डॉक्टरीणबाई दुपारी स्कूटरवरून आल्या. त्यांनी कास चाचपली, काळे कापड उजेडात धरले, आणि मान डोलावली. सूज नुकतीच सुरू होत होती. आणखी दोन दिवस गेले असते तर ती बाजू कायमची गेली असती, कदाचित मीही गेले असते. त्यांनी इंजेक्शन दिले, औषध दिले, आणि बजावले की दूध स्वच्छ दिसू लागले तरी त्या सांगतील त्या दिवसापर्यंत कुणी तोंडात घालायचे नाही, कारण औषध दुधातही उतरते. ते सारे ऐकताना मी तोंड फिरवायचे विसरले. माझे दूध ओतले म्हणून मी फुरंगटून बसले होते, आणि त्या दोन कण्या नुसत्या दुधाच्या नव्हत्या, त्या माझ्या जिवाच्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी पालक आले. गोठ्याच्या टेबलावर चिजाच्या थाळ्या रिकाम्याच ठेवल्या होत्या आणि मधोमध ती काळ्या कापडाची वाटी होती. सारवासारव करणारे काहीही तिथे नव्हते. कुणी विचारले की शंका काय घडले ते सांगे. आणि तिने धडाक्याचे नाव घ्यायच्या आत धडाका स्वतःच म्हणे, "वाटी मी बघितली नव्हती." त्याने हे दिवसभरात किती जणांना सांगितले असेल, देव जाणे. पहिल्यांदा सांगताना त्याचे कान लाल झाले होते. दुपारपर्यंत तो वाटी कशी धरायची हे लोकांना करून दाखवू लागला होता.

मुख्य आचारी आले. जाडजूड मिश्यांचे गृहस्थ. त्यांनी वाटी उचलून पाहिली आणि शंकाला विचारले की ओतताना वाईट वाटले का. ती म्हणाली, अजून वाटते आहे. ते वाटी जागेवर ठेवून पुढे गेले. शंकाचा चेहरा पडला.

पण त्या दिवसाला उदास कोण म्हणेल? सकाळीच बाकीच्या मुलांनी वाफ्यांतून गाजरे, मटार आणि कोवळे बटाटे काढले होते, तीन पाण्यांतून धुतले होते, आणि दोन पातेली भरून सूप केले होते. मटार सोलायला पालकांनाच बसवले. एका वकिलांनी आणि एका बसच्या वाहकांनी शर्यत लावली आणि दोघांचे निम्मे मटार टेबलाखाली गेले. सूप वाफाळत वाढले, आणि घड्याळबाईंनी घड्याळाकडे बघायच्या आत पातेली कोरडी झाली. मधल्या काळात माझे नाव सगळीकडे झाले होते. 'जिचं दूध ओतलं ती शेळी' बघायला लहान मुलांची रांग लागली. कुणी पाला दिला, कुणी गाजराचे शेंडे. शेवटी डॉक्टरीणबाईंनी पाटी लावायला सांगितली की या शेळीला आता काही खायला घालू नका. तीही पाटी मी खाल्ली. पुठ्ठ्याची होती.

औषध संपले, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस भरले, काळ्या कापडावर रोज नुसते निर्मळ दूध पसरू लागले. तेराव्या दिवशी त्यांनी होकार दिला. त्या दिवशीची बादली शंकाने स्वयंपाकघरात नेली तेव्हा मामाही गावाहून आलेले होते. त्यांनी चीज केले. पाहुणे नव्हते, टेबल नव्हते. सगळे स्वयंपाकघराच्या पायऱ्यांवर बसून खात होते. रविवार होता, म्हणून शंकाचा भाऊही आला होता. तिने त्याला आपल्या हाताने पहिला तुकडा दिला आणि तो चावत असताना श्वास रोखून त्याच्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "अजून दे की." तिने दिला. मग आणखी दिला. मामा म्हणाले, पुरे, नाहीतर आता हा नुसता खाऊनच आजारी पडेल. आणि तेव्हा ती हसली. तिला असे हसताना मी तोवर पाहिलेच नव्हते.

काम कुणाला मिळाले, विचाराल. दवाखान्याच्या आचाऱ्यांनी धडाक्याला बोलावले. आपली चूक भरसभेत सांगणारा माणूस स्वयंपाकघरात सहसा सापडत नाही, असे ते म्हणाले. शंकाला दोन दिवस वाईट वाटले, हे खोटे कशाला सांगू? पण तिसऱ्या दिवशी मामांनी गोठ्याची किल्ली तिच्या हातात ठेवली. त्यांचे गुडघेही माझ्यासारखेच कुरकुरू लागले होते. आता पोरांना ती शिकवते, आणि मामा नातवाला मांडीवर घेऊन नुसते बघायला येतात. धडाका सुट्टीला येतो, तोही अजून पळतच. पण दवाखान्यातल्या पातेल्यांपाशी तो थांबतो म्हणे.

मी आटले त्याला आता दोन वर्षे झाली. दूध देत नाही त्या शेळीचे काय करायचे, असा प्रश्न एकदा कार्यालयात निघाला होता. शंकाने नव्या मुलांचा पहिला तास माझ्यापाशी ठेवला. निरोगी जनावर कसे असते ते या तासाला शिकवतात. नाकाचा ओलावा, डोळ्यांची चमक, खुरांची ठेवण, सगळे माझ्याच अंगावर दाखवते ती. सांगायला हरकत नाही, मी अजून देखणी आहे.

मित्रांनो, तुमच्या ताटात येते ते कुणाच्या तरी अंगातून, कुणाच्या तरी मातीतून आलेले असते. ते वाया घालवू नका. पण ज्याच्याबद्दल मनात शंका असते ते लाजेखातर किंवा लोभापायी कुणाला वाढूही नका. आणि ज्यांनी दिले त्यांच्याकडे अधूनमधून नीट बघत जा. आम्हाला सांगता येत नाही. तुम्हाला बघता येते.

आज सकाळीच नवी मुले आली. शंकाने त्यांना एकेक करून माझ्या डाव्या कुशीला कान लावायला सांगितले. आत पोट घुमते का, ते ऐकायचे. मिनिटाला एक-दोनदा लांबून ढग गडगडल्यासारखा आवाज आला की शेळी धडधाकट. सगळ्यांत शेवटी एक मुलगी आली, कान टेकवून डोळे मिटून उभी राहिली. बराच वेळ काही नाही. मग माझ्या पोटाने मोठ्या दिमाखात उत्तर दिले, आणि ती मान न उचलताच हळूच म्हणाली, "बाई, ही बोलली."